२४० तास

दहा दिवसांचे तास मोजले की २४० भरतात. १० ऑक्टोबर १९६२ च्या सकाळी नामका चू नावाच्या ओढ्याकाठी पहिली मोठी चकमक झाली आणि २० ऑक्टोबरच्या पहाटे त्याच ओढ्याकाठी आपली एक अख्खी ब्रिगेड संपली. मधल्या काळात गोळीबार तुरळकच होता. झाल्या त्या बैठका, विमानप्रवास, टेलिफोन आणि विमानतळावर चालता चालता दिलेलं एक उत्तर. म्हणून ही हकीकत सांगताना ओढ्याकाठी जितकं उभं राहावं लागतं, तितकंच दिल्लीतही.

१० ऑक्टोबर, सकाळ. उरले २४० तास.

भूतान, तिबेट आणि तेव्हाचा नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, जिथे एकमेकांना भिडतात तो हा कोपरा. उत्तरेला थागलाची धार, १६,००० फुटांच्या आसपास. तिच्या पायथ्याशी नामका चू. आपली ढोला चौकी ओढ्याच्या दक्षिण काठाला, पार तळाशी. मॅकमहॉन साहेबाने १९१४ साली सीमेची रेघ ओढली ती इंचाला आठ मैल अशा नकाशावर. रेघ पाहिली तर थागला तिबेटात जातो, पाणलोट धरला तर आपल्याकडे येतो. दिल्लीने पाणलोट धरला आणि जूनमध्ये चौकी बसवली. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक धारेवरून उतरून चौकीसमोर येऊन बसले. खाली आपण, वर ते. पुढच्या सगळ्या गोष्टीचा भूगोल एवढाच.

त्या दिवसांत पंडित नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी निघाले होते. लंडनहून ते पुढे आफ्रिकेत जाणार होते. थोड्याच दिवसांत संरक्षणमंत्री कृष्ण मेननही संयुक्त राष्ट्रांसाठी न्यूयॉर्कला गेले. २२ सप्टेंबरला संरक्षण मंत्रालयात बैठक झाली तेव्हा अध्यक्षस्थानी राज्यमंत्री रघुरामय्या होते. लष्करप्रमुख जनरल थापर यांनी शंका काढली की इथे हात घातला तर चीन लडाखमध्ये उत्तर देईल. परराष्ट्र सचिव एम. जे. देसाई यांचं मत पडलं की तसं मोठं काही होणार नाही, फार तर एकदोन चौक्या जातील. थापर यांनी मग चिन्यांना हुसकावण्याचा लेखी आदेश मागितला. तो मिळाला, सही एका संयुक्त सचिवाची. युद्धाकडे नेणारा कागद, आणि त्यावर ना पंतप्रधानांची सही ना संरक्षणमंत्र्यांची. त्या भागाची जबाबदारी असलेले लेफ्टनंट जनरल उमराव सिंग हे जमणार नाही असं सांगत राहिले, तेव्हा त्यांच्याकडून तो भाग काढून घेतला गेला. नवं ४ कोअर उभं राहिलं, ते एका रात्रीत आणि कागदावर. त्याचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल. पंतप्रधानांच्या खास मर्जीतले, कामाला वाघ, पण लढाईत पायदळ चालवल्याचा अनुभव नाही.

हे कौल १० तारखेच्या सकाळी ओढ्याकाठी स्वतः हजर होते. २ राजपूतच्या जवानांनी ओढा ओलांडून चिन्यांच्या मागच्या अंगाला, थागलाच्या खांद्यावर चढायचं, असा त्यांचा बेत होता. त्याची तयारी म्हणून ९ पंजाबचे पन्नासेक जवान पलीकडे त्सेंगजाँगला जाऊन बसले होते. उजाडताच त्यांच्यावर सुमारे एक बटालियन चालून आली, उखळी तोफांच्या आडोशाने. पंजाबींनी पहिला हल्ला परतवला. मागच्या मशीनगन्सनी मदत करावी अशी विनंती आली. ओढ्याकाठच्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांनी ती नाकारली. एकदा त्या मशीनगन्स धडधडल्या असत्या तर सगळ्या ओढ्यावर लढाई पेटली असती, आणि पेटल्यावर लढायला जवळ दारूगोळा नव्हता. हा निर्णय घेताना त्यांना काय वाटलं असेल ते त्यांच्या पुस्तकात वाचता येतं. मुंबईत शिकलेला हा अधिकारी पुढे ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिणार होता.

पंजाबी परतताना चिन्यांनी त्यांच्यावर गोळी झाडली नाही. मेलेल्या भारतीय जवानांना त्यांनी लष्करी इतमामात पुरलं, आपल्या बाजूच्या लोकांना दिसेल असं. यात सौजन्य किती आणि इशारा किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

कौल यांना त्या एका सकाळी सगळं उमगलं. आदल्या दिवसापर्यंत चढाईचा हट्ट धरणारा माणूस लढाई दळवींवर सोडून दिल्लीकडे निघाला, पंतप्रधानांना प्रत्यक्ष सांगायला. विरळ हवेत त्यांना दम लागला होता. या डोंगरवाटांवर काही अंतर त्यांना एका भारवाह्याने पाठीवर वाहून नेलं.

११ ऑक्टोबर, रात्र. उरले सुमारे २०० तास.

पंतप्रधानांच्या निवासस्थानी बैठक. नेहरू, मेनन, थापर, ईस्टर्न कमांडचे सेन, कौल, आणि गुप्तवार्ता विभागाचे मलिक.

ही खोली कशी घडली ते सांगायला हवं. १९४७ पासून परराष्ट्र खातं नेहरूंनी स्वतःकडे ठेवलं होतं. त्याचा फायदा खोटा नव्हता. कोरियाच्या युद्धकैद्यांपासून बांडुंग परिषदेपर्यंत, हातात फारशा तोफा नसलेल्या देशाचा शब्द जगात ऐकला जायचा तो या एका माणसाच्या वाचनामुळे, वाणीमुळे आणि उठबशीमुळे. पण परराष्ट्र धोरण एकाच डोक्यात राहायला आलं की त्या डोक्याला जे पटतं तेच खालून वर येऊ लागतं. चीन मोठं युद्ध करणार नाही, केलं तर ते जागतिक युद्ध होईल, ही नेहरूंची धारणा. मलिक यांचे अहवालही तेच सांगायचे: चौक्या पुढे नेल्या तर चिनी बळ वापरणार नाहीत. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत चौक्या पुढे न्यायचं ठरलं, ते या भरवशावर. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली होती: या चौक्यांच्या मागे, सोयीच्या ठिकाणी, मोठं सैन्य उभं करायचं. लष्करी मुख्यालयातून आदेश निघाला तेव्हा नेमका एवढा भाग गळला. चौक्या पुढे गेल्या. मागे कोणीच नव्हतं.

दुसरी गाठ संसदेची. १९५९ मध्ये तिबेटचा उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, लाँगजू आणि कोंगका ला इथे रक्त सांडलं. तेव्हा नेहरूंनी चीनशी झालेला सगळा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका काढून संसदेपुढे ठेवला. लोकशाहीवादी माणसाला शोभेल असंच वागणं. पण त्यानंतर एप्रिल १९६० मध्ये चाऊ एन-लाय दिल्लीत आठवडाभर राहिले तेव्हा देवाणघेवाणीची भाषा करायला नेहरूंच्या हातात काही उरलं नव्हतं. मंत्रिमंडळातले सहकारी, विरोधक, वर्तमानपत्रं, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. बोलणी फसली. माझ्या मते १९६२ चा रस्ता तिथून सुरू झाला; ढोला हे त्यावरचं शेवटचं वळण.

तर ११ तारखेची रात्र. कौल यांनी जे पाहिलं ते सांगितलं. पर्याय तीन होते: तरीही चढाई करायची, आहे तिथे थांबायचं, किंवा मागे सोयीच्या जागी यायचं. नेहरूंनी निर्णय सेनाधिकाऱ्यांवर सोपवला. चढाई पुढे ढकलायची, पण ओढा सोडायचा नाही, असं ठरलं. मागे येणं तर बाजूलाच राहिलं. सेनापतींना वाटलं ते राजकारण्यांना चालणार नाही, आणि राजकारण्यांना वाटलं सेनापती जमेल म्हणतात त्याअर्थी जमेल. मराठीत याला एकमेकांच्या खांद्यावर मान टाकणं म्हणतात.

१२ ऑक्टोबर, सकाळ. उरले सुमारे १९० तास.

पालम विमानतळ. नेहरू श्रीलंकेला निघाले आहेत. तेव्हा आपण सिलोन म्हणायचो. वार्ताहर भोवती जमतात. सैन्याला काय आदेश दिलेत? पंतप्रधान सांगतात की आपला प्रदेश मोकळा करावा असे आदेश आहेत; तारीख मी ठरवणार नाही, ते लष्कराचं काम. नेफात हिवाळा लागला आहे, चिनी संख्येने जास्त आहेत, उंचावर आहेत, असंही ते बोलतात. विमान उडतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे आले ते चिन्यांना हुसकावण्याच्या हुकुमाचे. हिवाळा, संख्या, उंची हे सगळं मजकुरात कुठेतरी खाली. चढाई तर आदल्याच रात्री पुढे ढकलली होती. मग पंतप्रधान खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. उघड्यावर विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी जुना, रद्द न झालेला आदेश सांगितला. ‘आम्ही थांबलो आहोत’ हे चार माणसांत म्हणायची सोय त्यांना स्वतःच्याच संसदेने ठेवली नव्हती. पण पंतप्रधान हाच परराष्ट्रमंत्री असला की त्याचं विमानतळावरचं बोलणंही राजपत्रात छापल्यासारखं धरलं जातं. दुसरा कोणी परराष्ट्रमंत्री असता तर दुपारी खुलासा तरी आला असता.

त्याच दिवशी ओढ्याकाठचं दृश्य असं. जवानांच्या अंगात सुती गणवेश, रात्रीला एक घोंगडी. बंदूक .३०३, महायुद्धांच्या जमान्यातली, आणि पट्ट्यात माणशी पन्नास गोळ्या. रसद यायची ती आकाशातून. त्सांगधर नावाची चढावरची सपाटी १४,००० फुटांहून उंच. तिथे विमानं पेटारे सोडायची आणि त्यातले बरेचसे वाऱ्यावर भरकटून दरीत जायचे. जे सापडायचे ते खांद्यावरून खाली आणायचे. तंबू नव्हते, म्हणून जवानांनी पेटाऱ्यांच्या हवाई छत्र्यांचं कापड झाडांना बांधून त्याखाली झोपायला सुरुवात केली. समोरच्या चढावर चिनी बंकर बांधत होते, झाडं तोडल्याचा आवाज ओढ्यावरून ऐकू यायचा.

१४ ऑक्टोबर. उरले सुमारे १४० तास.

पेकिंगच्या ‘पीपल्स डेली’त अग्रलेख. त्यात पालमच्या उत्तराचा हवाला. नेहरूंना कड्याच्या टोकावरून मागे फिरायचा इशारा. चीनचा निर्णय त्या उत्तराने झाला असं कोणी म्हणू नये. माओंच्या मनात प्रतिहल्ल्याचा विचार त्याआधीच पक्का होत होता. पण जगाला दाखवायला कारण हवं असतं, ते घरपोच मिळालं.

१६ आणि १७ ऑक्टोबर. उरले ९० तास, मग ६५.

नेहरू कोलंबोहून परतले. १६ तारखेलाच वॉशिंग्टनमध्ये केनेडींच्या टेबलावर क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांची छायाचित्रं आली आणि पुढचे तेरा दिवस जगाला हिमालयाकडे पाहायला सवड नव्हती. रशियालाही नव्हती. आपलं अलिप्ततेचं धोरण दोन खांबांवर तोललेलं होतं, आणि दोन्ही खांब त्या पंधरवड्यात एकमेकांवर रोखलेले. ऐनवेळी मॉस्कोने चीनच्या बाजूला झुकतं माप दिलं.

१७ तारखेला तेजपूरला मेनन, थापर, सेन आणि कौल पुन्हा बसले. ओढ्याच्या पश्चिम टोकाला, भूतानच्या सीमेलगत, त्सांगले नावाची जागा होती. ती धरून ठेवायची असं ठरलं. तिथे माणसं पाठवायची म्हणजे मधली फळी आणखी पातळ करायची. चार बटालियन आणि दहा-बारा मैलांचा ओढा, एका पुलापासून दुसऱ्यापर्यंत चालायला तास लागतात. पूल म्हणजे काय तर आडवे टाकलेले ओंडके, त्यांना आपण नंबर दिले होते: एक नंबर, दोन नंबर, लॉग ब्रिज, टेम्पररी ब्रिज. नकाशावर ते संरक्षणाचे मोर्चे दिसायचे. प्रत्यक्षात पाऊस थांबून ओढ्याचं पाणी इतकं उतरलं होतं की पूल नसला तरी चालत पलीकडे जाता आलं असतं. रक्षण करायचं ते अशा पुलांचं.

१८ ऑक्टोबर. उरले सुमारे ४० तास.

कौल छातीच्या त्रासाने आजारी पडले आणि दिल्लीला नेले गेले. त्यांच्या जागी कोणी नेमला नाही. पुढचे काही दिवस त्यांनी घरच्या बिछान्यातून, फोनवरून ४ कोअर चालवलं. कंपनीचा शाखाधिकारी रजेवर गेला तरी आपण त्याच्या टेबलावर दुसरा माणूस बसवतो.

त्याच दिवशी पेकिंगमध्ये हल्ल्यावर अखेरचं शिक्कामोर्तब झालं.

१९ ऑक्टोबर, दिवसभर. उरले २० तास.

दळवींना समोरच्या उतारावर शेकडो चिनी उघड उघड जमताना दिसत होते. रात्रीच्या चालीसाठी वाटा आखणारी माणसंही. लपवाछपवी संपली होती. त्यांनी झिमिथांगला डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद यांना फोन लावला. ओढा सोडून त्सांगधरच्या चढावर येऊ द्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या, असं त्यांचं म्हणणं. निरंजन प्रसादांनाही ते पटत होतं. पण वर तेजपूरला कोअर, त्यावर लखनौला ईस्टर्न कमांड, त्यावर दिल्ली, आणि दिल्लीत एक आजारी कोअर कमांडर. उत्तर आलं ते जागा न सोडण्याचं.

रात्री. उरले पाच तास.

ओढ्याकाठच्या दोन मोर्च्यांमधून, जिथे आपलं कोणी नव्हतं तिथून, चिनी तुकड्या पाणी ओलांडून आपल्या मागच्या उंचीवर जाऊन बसल्या.

२० ऑक्टोबर, पहाटे ५ वाजून १४ मिनिटं.

थागलाकडून दोन प्रकाशगोळे आकाशात गेले. लगेच तोफा आणि उखळी तोफा सुरू झाल्या, दळवींच्या अंदाजाने दीडशेहून अधिक. आपल्याकडे त्सांगधरला दोन छोट्या तोफा आणि मोजके गोळे. पहिल्या काही मिनिटांत टेलिफोनच्या तारा तुटल्या. तारा तुटताच ब्रिगेड हा प्रकार उरला नाही. जो तो आपल्या खंदकापुरता. तोफा थांबल्या आणि हल्ला आला तो मागून, वरून. जवानांचे खंदक समोरच्या बाजूला तोंड करून खणलेले होते.

२ राजपूतची त्या सकाळची मोजदाद अशी: ओढ्याकाठच्या ५१३ माणसांपैकी २८२ मेले, ८१ जखमी होऊन पकडले गेले, ९० पकडले गेले. परत आले ६०, तेही बहुतेक मागच्या कामावरचे. शेजारच्या १/९ गुरखांची गतही तशीच. काही खंदकांतले जवान गोळ्या संपल्यावर संगिनी लावून लढले. नऊच्या आत सगळं आटोपलं. काय झालं ते पाहायला एक छोटं हेलिकॉप्टर त्सांगधरला उतरलं, ते परत आलं नाही. दळवी उरलेल्या माणसांना घेऊन डोंगरातून वाट काढत राहिले आणि २२ तारखेला सकाळी पकडले गेले. ते सुटले पुढच्या वर्षी मे महिन्यात.

त्याच पहाटे लडाखमध्येही हल्ला झाला. जुलैपासून वेढलेली गलवानची चौकी तेव्हा पडली. ते नाव पुन्हा कानावर येईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

इथे मोजायचे तास संपतात. उरलेल्या महिन्याबद्दल थोडक्यात. २५ ऑक्टोबरला नेहरू स्वतःच म्हणाले की आपण वास्तवापासून दूर, आपणच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात राहत होतो. इतकं स्वच्छ बोलणारा पंतप्रधान विरळाच. पण हेच वाक्य ११ तारखेच्या रात्री कोणीतरी त्यांच्यासमोर उच्चारायला हवं होतं, आणि उच्चारणारा माणूस त्या खोलीत ठेवलेला नव्हता. मेनन आधी संरक्षण खात्यातून आणि ७ नोव्हेंबरला मंत्रिमंडळातून गेले. नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरा हल्ला आला, से ला आणि बोमदिला गेले. १९ नोव्हेंबरला अलिप्ततेच्या शिल्पकाराने केनेडींना लागोपाठ दोन पत्रं लिहिली: लढाऊ विमानांच्या १२ स्क्वाड्रन पाठवा, रडार पाठवा, आमची माणसं तयार होईपर्यंत चालवायला तुमचीच माणसं द्या. पंधरा वर्षं जपलेलं धोरण दोन कागदांवर आलं.

इकडे मुंबईत यशवंतराव चव्हाणांना दिल्लीचं बोलावणं आलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन अडीच वर्षं झाली होती आणि पहिला मुख्यमंत्री हिमालयाच्या मदतीला धाडायचा, याचा मराठी माणसाला अभिमानही होता आणि काळजीही.

२१ नोव्हेंबर, पहाट. गृहमंत्री लालबहादूर शास्त्री आसामला निघाले होते. पुन्हा पालम. त्यांच्यासोबत असलेले कुलदीप नय्यर यांनी लिहून ठेवलंय की विमानतळावरच्या पेपरच्या स्टॉलपाशी गर्दी दिसली, म्हणून त्यांनी अंक विकत घेतला. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती. शास्त्री विमानात न चढता गाडी वळवून पंतप्रधानांच्या घरी गेले. नेहरू नुकतेच उठले होते. त्यांना काही माहीत नव्हतं.

त्याच दिवशी चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. रात्री बारा वाजता गोळीबार थांबला.